जन्मसालाचं रिव्हॉल्व्हर: १९७६ चं म्हणून घेतलं, कंपनीच्या पत्रात निघालं १९७७. आता काय?

ह्यूस्टनचा_तात्या

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे. बंदूक म्हटलं की ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात त्यांनी पुढे सरकलं तरी माझा राग नाही.

मी मूळ सांगलीकडचा, वीसेक वर्षं टेक्ससमध्ये. शेजारी एक रिटायर्ड म्हातारा राहतो, त्याच्याबरोबर रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जायची सवय लागली. त्याच्याकडे स्मिथ अँड वेसन कंपनीचं एक पिटुकलं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, १९५१ चं. हातात देताना म्हणाला, हे आणि मी एका वयाचे, फक्त ह्याचे गुडघे दुखत नाहीत. त्यावर मॉडेल नंबर वगैरे काही नाही, कारण स्मिथवाल्यांनी नंबर द्यायला १९५७ मध्ये सुरुवात केली, त्याआधी नुसती नावं असायची, ह्याचं नाव चीफ्स स्पेशल. झालं, त्या दिवसापासून डोक्यात किडा शिरला की आपल्याही जन्मसालाचं एक पाहिजे. माझं साल १९७६.

सहा महिने शोधलं आणि एका ऑक्शन साइटवर मॉडेल १९-३ मिळालं, चार इंची नळी, ब्लूइंग (लोखंडावरचा काळानिळा थर) छान, मथळ्यातच ठळक "१९७६ बर्थ इयर". इथल्या दुकानातून ट्रान्सफर करून घरी आणलं. आणलं त्या रात्रीच सिलिंडर उघडून आतला नंबर वाचला, इंटरनेटवरच्या तक्त्याशी लावून बघितला तर काही केल्या जुळेना. दोन तास डोकं खाजवलं मग कळलं की सिलिंडरच्या बिजागरीपाशी असतो तो कारखान्यातला असेंब्लीचा नंबर, खरा सीरियल मुठीच्या बुडाला असतो आणि माझ्या मुठीला मोठी लाकडी ग्रिप असल्यामुळे तो झाकलेला. स्क्रू काढला, नंबर मिळाला, तक्त्यात १९७६ मध्ये बसला. मग हौस म्हणून कंपनीच्या हिस्टॉरिकल फाउंडेशनकडून पत्र मागवलं (फुकट नसतं हे), ते आलं मागच्या आठवड्यात, त्यात लिहिलंय की हा पीस कारखान्यातून बाहेर पडला फेब्रुवारी १९७७ मध्ये!

विकणाऱ्याला लिहिलं तर म्हणे नंबर ७६ चा आहे, माझी जबाबदारी संपली.

तर आता हे माझ्या जन्मसालाचं म्हणायचं की नाही? की विकून दुसरं बघू? आणि अजून दोन गोष्टी. बाबा १९४३ चे आहेत, त्यांच्या सालाचं काही परवडेल असं मिळतं का. आणि दिवाळीत भाचा येतोय डॅलसहून, एच-वन-बी वर आहे, त्याला रेंजवर न्यायचंय, काही अडचण नाही ना?

के_फ्रेमवाला

तात्या, विकू नका, आधी शांत बसा.

स्मिथचा नंबर आणि तारीख ह्यांचं नातं म्हणजे आपल्याकडच्या एक जूनसारखं आहे. आपल्या आधीच्या पिढीत निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख ठोकून दिली. नंबरांचा तक्ता म्हणजे तो शाळेचा दाखला. साधारण वय कळतं, बाकी काही नाही. कारखान्यात फ्रेमवर, म्हणजे बंदुकीच्या मूळ सांगाड्यावर, नंबर आधी पडायचा, मग ती फ्रेम ट्रेमध्ये पडून राहायची, ऑर्डर येईल तसा पीस जोडला जायचा, आणि पाठवताना पुढचा मागचा असा क्रम कुणी बघत नव्हतं. त्यामुळे शेजारशेजारच्या नंबराचे दोन पीस सहा महिन्यांच्या अंतराने बाहेर पडलेले सापडतात, कधी त्याहून जास्त. पत्रात येते ती पाठवल्याची तारीख. "बनवल्याची" तारीख अशी वेगळी वहीच नाही, त्यामुळे कलेक्टर लोक पाठवल्याच्या तारखेलाच वाढदिवस मानतात.

पण तुमच्या केसमध्ये एक गंमत आहे. तुमच्याकडे १९-३ आहे. ही डॅशनंतरची ३ म्हणजे डिझाइनमधला तिसरा बदल, आणि ती १९६७ पासून १९७७ पर्यंत चालली, ७७ मध्येच १९-४ आलं. म्हणजे तुमचा पीस त्या मालिकेचं शेंडेफळ आहे. फेब्रुवारी ७७ ला बाहेर पडलेला ७६ मध्ये पोटात असणारच की हो. नऊ महिने मोजायचे तर तुमच्यापेक्षा जास्तच ७६ चा.

जाता जाता, मॉडेल १९ चं मूळ नाव कॉम्बॅट मॅग्नम. १९५५ मध्ये आलं, बॉर्डर पेट्रोलचे बिल जॉर्डन कंपनीच्या मागे लागले होते की .३५७ मॅग्नम हे ताकदवान काडतूस चालेल असं पण दिवसभर कमरेला जड होणार नाही असं काहीतरी द्या. त्याआधी .३५७ म्हणजे भल्यामोठ्या एन फ्रेमचं धूड. ते मधल्या के फ्रेममध्ये बसवलं. बसवलं खरं पण त्याची किंमत मोजावी लागली. नळीचं मागचं टोक, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते, तिथे खालच्या बाजूला जागा करण्यासाठी ते सपाट घासलेलं असतं, म्हणजे तिथलं लोखंड पातळ. १२५ ग्रेन वजनाच्या गरम (जोरदार) मॅग्नम गोळ्या सारख्या मारल्या की बरोबर तिथेच चीर जाते. नवी नळी मिळत नाही सहज. तुम्ही आपली .३८ स्पेशलची सौम्य काडतुसं मारा, कागदाला भोकं तीच पडतात.

आता हे तपासून सांगा. सिलिंडर उघडा, ते सपाट टोक टॉर्चने बघा, बारीक काळी रेघ आहे का. मग रिकामं आहे ह्याची दोनदा खात्री करून सिलिंडरवर अंगठ्याने हलका दाब ठेवा आणि घोडा सावकाश चढवा, सहाही घरांना (काडतूस बसतं ती भोकं) तो पूर्ण चढायच्या आत सिलिंडर टक करून अडकला पाहिजे. घोडा आणि चाप ह्यांचा रंग बघा. स्मिथचे हे दोन्ही भाग केस हार्डन, म्हणजे वरचा थर कडक केलेले असतात, त्यावर करडे-तपकिरी ढग दिसतात. बाकी बंदुकीसारखे ते पण काळेनिळे असतील तर कुणीतरी गल्लीतल्या माणसाकडून परत ब्लूइंग करून घेतलंय. आणि बुडावरच्या नंबराशेजारी छोटा तारा कोरलाय का तेही बघा, तारा म्हणजे पीस कधीतरी कारखान्यात दुरुस्तीला परत गेला होता.

बॅरलला आडवी पिन आणि काडतुसाचं बूड आत बसेल अशी खोल घरं, ह्या दोन्ही गोष्टी साधारण १९८२ पर्यंतच मिळतात. तुमच्या पीसमध्ये त्या असणारच, म्हणून म्हणतो विकू नका.

लाल_मिरची

काडतुसं सोडून बोला जरा. रोज बातम्या बघता ना तिकडच्या? शाळांमधल्या? आणि आपली माणसं जन्मसालाच्या बंदुका जमवतायत. साड्या जमवा, नाणी जमवा. माझ्याकडे १९७६ चं १० पैशाचं "सर्वांसाठी अन्न आणि काम" वालं नाणं आहे, पाठवून देते तात्यांना, फुकट.

ह्यूस्टनचा_तात्या

@लाल_मिरची नाणं पाठवाच, खरंच ठेवीन. बातम्या बघतो हो. घरात पोरगी दहावीत आहे, पीस तिजोरीत असतो, गोळ्या वेगळ्या कपाटात, दोन्हीच्या किल्ल्या वेगळ्या. ह्यावर तुमचं समाधान होणार नाही हे मला माहितीय आणि ते व्हावंच असं माझं म्हणणंही नाही.

@के_फ्रेमवाला तारा नाही. घोड्यावर ढग आहेत. बाकी रविवारी बघतो, आत्ता मीटिंगमध्ये आहे 😄

एडिसनची_मावशी

तात्या, टेक्सस आहे म्हणून एवढं सोपं. आमच्या न्यू जर्सीत एक हँडगन घ्यायची तर त्या एका पीससाठी वेगळं परमिट, पोलिसांकडे अर्ज, ओळखीच्या लोकांची नावं द्या, आणि मिळालं की ९० दिवसांत खरेदी करा नाहीतर मुदतवाढ मागा. माझ्या मिस्टरांनी त्यांच्या सालाचं (६८) रुगर कंपनीचं जुनं ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर घेतलं त्याला इतके महिने लागले की तोवर त्यांचा उत्साह ओसरला आणि माझा सुरू झाला.

त्यावरून एक सांगते, ज्यांचं साल १९७३ च्या आधीचं आहे त्यांच्यासाठी. रुगरची ती जुनी काउबॉय छापाची रिव्हॉल्व्हर्स, फ्रेमला बाजूने तीन स्क्रू असतात, त्यांच्यात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं असतं. भरलेलं ठेवलं आणि पीस घोड्यावर पडला तर गोळी सुटू शकते. सहाचं रिव्हॉल्व्हर पण भरायचं पाचच. १९७३ मध्ये त्यांनी आत ट्रान्सफर बार (चाप ओढला तरच घोड्याचा ठोका पुढे पोचवणारी पट्टी) टाकला तेव्हापासून ही भानगड नाही. जुन्या पीसला कंपनी तो बदल फुकट करून देते आणि काढलेले मूळ पार्ट परत पाठवते. आमच्या पीसमध्ये हा बदल आधीच्या मालकाने करून घेतला होता, पार्ट कुठायत विचारलं तर म्हणाला गॅरेज आवरताना टाकून दिले असतील. ती एवढीशी पिशवी नसली की कलेक्टर भाव पाडतो. म्हणून घेताना पिशवी आहे का हे आधी विचारा, चहापाण्याचं नंतर.

सदर्न_नागपूरकर

तात्या तुम्ही ७६ चे आणि स्मिथच्या मागे लागले? अहो बाप्पा, ७६ वाल्यांसाठी तर रुगरने पाटी लिहून ठेवली आहे ना! अमेरिकेला २०० वर्षं झाली म्हणून १९७६ मध्ये रुगरने आपल्या बंदुकांवर कोरलं, "मेड इन द टू हंड्रेड्थ इयर ऑफ अमेरिकन लिबर्टी". पत्र नको, तक्ता नको, वाचता आलं की झालं. माझ्याकडे सिक्युरिटी-सिक्स आहे असं, .३५७, नळीवर लिहिलेलं आहे. आणि ह्या सिक्युरिटी-सिक्सची ती नळीच्या टोकाची दुखणी नाहीत जी १९ ला आहेत, दणकट काम, दिसायला स्मिथइतकं नाजूक नाही एवढंच. भावही स्मिथपेक्षा बरा असतो सहसा. कोल्ट पायथनकडे तर बघूच नका, डोळे पांढरे होतील.

दुसरं, तुम्ही ५० ला पोचता आहात न यावर्षी? मग तुमचा पीस पण. बनून ५० वर्षं झाली आणि मूळ रूपात असली की बंदूक आपोआप "क्युरिओ अँड रेलिक" होते, म्हणजे सरकारदरबारी पुराणवस्तू. त्यासाठी कलेक्टरचं वेगळं लायसन्स असतं, टाइप ०३, तीन वर्षांचे ३० डॉलर. ते असलं की दुसऱ्या राज्यातून अशी जुनी बंदूक सरळ तुमच्या दारात येऊ शकते, मधला दुकानदार आणि त्याची ट्रान्सफर फी वाचते. फक्त आलं-गेलं सगळं वहीत लिहून ठेवायचं, आणि हे जमवण्यासाठी आहे, धंद्यासाठी नाही. राज्याचे कायदे वेगळे, ते सोडून नाही देत. बायकोला सांगून ठेवा की माणूस आणि बंदूक एकाच वर्षी पुराणवस्तू झाले 😂

कायद्याचं_बोला

मी वकील नाही पण भाच्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. त्याला रेंजवर नेऊ नका. म्हणजे नेलंत तर बाकावर बसवा. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा, आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. "बाळगणे" मध्ये हातात धरून दोन गोळ्या मारणंही येतं, मालकी कुणाची हा प्रश्नच नाही. ह्याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा म्हणजे राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. अनेक पोरं जातात, रेंजवाला फॉर्म भरून घेतो, फोटो टाकतात इन्स्टावर, आणि ग्रीन कार्डच्या वेळी रात्रीची झोप उडते. भाच्याला आधी लायसन्स काढायला सांगा, ते हातात आलं की मग न्या, आणि तरी एकदा इमिग्रेशनवाल्या वकिलाला विचाराच. देणाऱ्यालाही लागू होतं बरं का, म्हणजे तुम्हाला.

ह्यूस्टनचा_तात्या

बापरे. हे खरंच माहीत नव्हतं. मी स्वतः ग्रीन कार्ड आल्यावरच सुरू केलं त्यामुळे कधी डोक्यात आलंच नाही. भाच्याला सांगितलं, तो म्हणतो मामा मग आपण बिर्याणी खायला जाऊ.

रंकाळ्यावरचा_राजा

लई भारी चाललंय राव तुमचं. आम्ही इथं नुसतं वाचायचं.

आमच्या आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट होतं, घरात त्याला "बंदूक" कुणी म्हणायचं नाही, "ते" म्हणायचे. दसऱ्याला "ते" पाटावर यायचं, हळदकुंकू झेंडूची फुलं, आणि पूजा झाली की आजी फुलांच्या पाकळ्या त्याच्या फटीतनं काडीनं काढत बसायची कारण ओली पाकळी राहिली की गंज धरतोय. आणि निवडणूक आली की वडील ते पिशवीत घालून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, पावती घ्यायचे, निकाल लागला की आणायचे. एका निवडणुकीनंतर परत आणलं तर मुठीची एक पट्टी फुटलेली. कुणी पाडलं काय माहीत, विचारायची सोय नव्हती. वडिलांनी सागाची करून बसवली, ती अजून तशीच.

तात्या, तिकडनं इकडं आणायचं मनात असंल तर काढून टाका. सामान्य माणसाला आयात बंद आहे, नेमबाजीच्या खेळाडूंची गोष्ट वेगळी. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्सवर दोनच, आधी तीन चालायच्या. त्यात जन्मसाल बघत बसायला कोण मोकळं आहे? मिळतंय ते घ्यायचं. इकडं कानपूरचं बत्तीस बोअर घेतात लोक, आणि गंमत बघा, त्याचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. म्हणजे तुमच्या त्या कंपनीचं नाव आमच्या गावातल्या पाटलाच्या पण खिशात हाय.

तेवढं त्या पिसाला चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका. आजोबांनी तेच केलं, चामडं ओल धरतं, एका बाजूला सगळे टिपके टिपके झाल्यात.

के_फ्रेमवाला

@रंकाळ्यावरचा_राजा शंभर टक्के. आणि तात्यांचं ह्यूस्टन म्हणजे दमटपणाची राजधानी.

तात्या, बाबांच्या सालाचं राहिलंच. १९४३ म्हणजे सरळ व्हिक्टरी मॉडेल. युद्धात स्मिथने त्यांचं मिलिटरी अँड पोलीस रिव्हॉल्व्हर लाखोंनी काढलं, सीरियलच्या आधी व्ही अक्षर, १९४२ ते ४५. पॉलिश नाही, चकाकी नाही, राखाडी मॅट फिनिश, मुठी साध्या गुळगुळीत अक्रोडाच्या, बुडाला दोरी अडकवायची कडी. दिसायला अगदी रेशन दुकानातल्या मापासारखं, पण मला लय आवडतं.

मात्र घेताना एक फसगत होते. अमेरिकन नेव्हीकडे गेलेले .३८ स्पेशलचे, आणि ब्रिटिश-कॉमनवेल्थकडे गेलेले .३८ स्मिथ अँड वेसनचे, ज्याला ते .३८-२०० म्हणायचे. नाव सारखं वाटतं पण काडतूस वेगळं, आखूड आणि किंचित जाड. युद्धानंतर ब्रिटनमधून परत आलेल्या कितीतरी पीसची घरं लोकांनी लांब करून त्यात .३८ स्पेशल बसेल असं केलं. बसतं, उडतंही, पण काडतुसाचं पितळ बुडाशी फुगून येतं कारण घर तिथे ढगळ. घेताना सिलिंडरवर आणि नळीवर ब्रिटिश प्रूफचे, म्हणजे चाचणी झाल्याचे, बारीक शिक्के आहेत का बघा, असले तर त्यातून उडवलेलं रिकामं काडतूस मागा, त्याचं बूड बघा. माझं पहिलं व्हिक्टरी असंच निघालं. विकणाऱ्याने "एकदम ओरिजिनल" म्हणून दिलं होतं. मी ते आता भिंतीवर टांगलंय, चालवत नाही.

नंबरासमोर एसव्ही असेल तर ते शेवटच्या काळातलं, १९४३ नाही. डेकवर पडून गोळी सुटल्याने एक नौसैनिक गेला तेव्हा घोडा अडवणारा नवा पार्ट टाकला, त्याची ती खूण.

ह्यूस्टनचा_तात्या

रविवारचा रिपोर्ट. नळीच्या टोकाला चीर नाही, टॉर्च लावून बायकोलाही दाखवलं, ती म्हणाली दाताच्या डॉक्टरसारखं काय बघताय. सहापैकी पाच घरं टक करून अडकतात, एक जरा आळशी आहे, अगदी शेवटच्या क्षणाला अडकतं. आणि ग्रिप काढून आतून बघितली तर उजव्या पट्टीवर पेन्सिलीने काहीतरी आकडे आहेत, सीरियलशी जुळत नाहीत, म्हणजे ग्रिप नंतरची दिसतेय. असो. ठेवतोय. नागपूरकरांचं सिक्युरिटी-सिक्स पण एक बघून ठेवलंय, नळीवर ते वाक्य आहे, फोटोत स्पष्ट वाचता येतं. बायकोला अजून सांगितलं नाही.

पण खरा घोळ पुढे आहे. काल बाबांना व्हिडिओ कॉल केला, म्हटलं तुमच्या सालाचं एक शोधतोय, १९४३ चं. त्यांना वाटलं घड्याळ. रिव्हॉल्व्हर म्हटल्यावर दोन मिनिटं नुसते हसले. मग म्हणाले, अरे ४३ हे शाळेतलं, एक जून १९४३, गुरुजींनी लिहिलेलं. आजी सांगायची की पत्री सरकार सुरू झालं तेव्हा मी चालायला लागलो होतो आणि वाड्यात कुणीतरी लपायला आलेल्या माणसाच्या धोतराला धरून उभा राहिलो होतो. पत्री सरकार ४३ च्या पावसाळ्यातलं. चालणारं पोर म्हणजे वर्षाचं तरी असणार.

म्हणजे बाबा ४२ चे??

के_फ्रेमवाला

मग व्ही चे छोटे नंबर बघा. आणि ह्यावेळी पत्र आधी मागवा, पैसे नंतर द्या.

लाल_मिरची

नाणं पोस्टात टाकलंय. बाबांच्या सालाचं पण बघते.